यमी रडत नव्हती

मला लेख लिहिण्याची सवय नाही. कॉलेजात निबंध लिहितो, पण त्यातल्या निम्म्या वाक्यांखाली प्रोफेसर लाल रेघ ओढतात. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मराठी शाळेच्या चार यत्तासुद्धा पुऱ्या केल्या नव्हत्या. घरातली गोष्ट चार लोकांत सांगण्याची आमच्याकडे रीत नाही, म्हणून हे लिहावे की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला. शेवटी माझी पत्नी सगुणा हिलाच विचारले. ती भात पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "लिवा. दुसऱ्या कुनाच्या पोरीला तरी..."

आमची मुलगी यमुना, म्हणजे यमी, हिच्या आजारपणाची ही हकीगत आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांची नावे यात सापडणार नाहीत. जे पाहिले तेवढे लिहितो. आणि एक आधीच कबूल करतो, की मला राग आलेला आहे. तो लपवून शांतपणे लिहिण्याचा प्रयत्न केला, पण साधले नाही. वाचकांनी समजून घ्यावे.

दिवाळीची सुट्टी

आमचे गाव मुरबाडहून धसईला जाणाऱ्या रस्त्याच्या आत आहे. मी मुंबईला बोर्डिंगात राहून शिकतो. सगुणेचे माहेर शहापूर तालुक्यात, आसनगाव स्टेशनाजवळ. पहिलटकरीण म्हणून ती माघात तिकडे बाळंत झाली. मी एकदा जाऊन मुलीला पाहून आलो. तेव्हा ती मुठीएवढी होती आणि झोपली होती. मेच्या सुट्टीत मुंबईतच शिकवण्या धरल्या, त्यामुळे घरी गेलो तो एकदम दिवाळीत. दरम्यान सगुणा मुलीला घेऊन आमच्या घरी आली होती, आणि भाताची लावणीही होऊन गेली होती.

मी दारात पाय ठेवला तेव्हा यमी ओटीवरच्या झोळीत होती. डोळे अर्धे उघडे. मी वाकून हाक मारली. ती माझ्याकडे पाहत होती की माझ्यामागच्या भिंतीकडे, ते मला कळले नाही.

आई कौतुकाने म्हणाली, "बघ कशी गुनी हाय. रडनं ठावं नाय पोरीला. माझ्या थोरल्यावर गेलीय."

थोरला म्हणजे माझा मोठा भाऊ. तो मी जन्मण्याआधीच तान्हेपणी गेला. आई त्याच्याविषयी नेहमी एकच सांगते, की तो फार गुणी होता, कधी रडला नाही आणि झोपेतच गेला.

यमीला उचलून घेतले तर तिची मान माझ्या दंडावरून मागे लोंबली. नऊ महिन्यांच्या मुलीची मान. हातपाय काटक्यांसारखे, पोट मात्र फुगलेले. मी तिला गोधडीवर बसवून पाहिले. ती धान्याचे पोते कलंडावे तशी एका बाजूला कलंडली आणि तशीच पडून राहिली. रडलीसुद्धा नाही.

त्याच दुपारी शेजारचा चंद्रा आपल्या मुलाला कडेवर घेऊन माझी विचारपूस करायला आला. त्याचा गणू यमीहून थोडा लहानच. त्या मुलाने माझ्या खिशातले पेन ओढून तोंडात घातले, ते काढून घेतले तर असे भोकाड पसरले की चंद्रा शरमला. म्हणाला, "आमचं हे असं द्वाड. तुमची यमी बघा, देवमानूस."

मी हसलो नाही. झोळीपाशी जाऊन तांब्यावर पळी आपटली. यमीची पापणीसुद्धा हलली नाही.

तेव्हापासून 'गुणी मूल' हे शब्द ऐकले की माझ्या अंगावर काटा येतो. सबंध आळीने एका आजारी मुलीचे कौतुक करण्यात पावसाळा घालवला होता. ती रडत नव्हती, कोणाचे काम अडवत नव्हती, काही मागत नव्हती. एवढे झाले की आपल्याकडे मूल चांगले ठरते.

सगुणा एकटीच वेगळे बोलत होती. घरात माझ्याशी फारसे बोलायची सोय नसते, म्हणून विहिरीवर मला गाठून तिने सांगितले, "ही अशी नव्हती वो. आसनगावाला हसायची माझ्याकडं बघून. मान धराय लागली व्हती. गाडीची शिटी झाली का तिकडं वळायची. मी तुमच्या आयला सांगलं, तर म्हनतात, समद्या आयांना तसंच दिसतं."

पहिला डॉक्टर

ज्या गावी आम्ही पहिल्यांदा गेलो त्या गावाचे व डॉक्टरांचे नाव मी लिहीत नाही. बैलगाडीने गेलो. डॉक्टरांच्या ओसरीवर बराच वेळ बसलो. आत गेल्यावर त्यांनी यमीचा हात उचलून सोडला. तो पडला. पाय उचलून सोडला. तोही पडला.

"काही औषध चालू आहे का?"

सगुणा म्हणाली, "नाय."

ते खरेच होते, निदान आमच्या समजुतीप्रमाणे. त्या एका 'नाय'वर सगळी तपासणी संपली. मी कॉलेजात आहे हे कळल्यावर डॉक्टरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि ते इंग्रजीत बोलू लागले. सगुणा दोन हातांवर मुलगी घेऊन समोर उभी होती. तिला बसायलासुद्धा कोणी सांगितले नव्हते. मला पूर्ण इंग्रजी समजले असे म्हणणार नाही, पण एक शब्द समजला. इडियट. आमच्या बोर्डिंगात मुले एकमेकांना थट्टेने तो शब्द म्हणतात. तो रोगाचेही नाव आहे हे मला त्या दिवशी कळले.

मी विचारले, "पण तिची आई म्हणते की आधी ती हसत होती, मान धरत होती."

डॉक्टर मराठीत आले. "आईच ती. तिला दिसणारच." मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तरुण आहात. मुलगीच आहे. फार धावपळ करू नका, पुढच्या वेळी मुलगा होईल."

गाडीत बसल्यावर सगुणेने विचारले, "काय म्हनले इंग्रजीत?"

"अशक्तपणा आहे म्हणाले."

निम्मा रस्ता संपल्यावर म्हणाली, "अशक्तपना सांगाया इंग्रजी कशाला लागतं?"

आज एवढे दिवस झाले, तरी त्या ओसरीची आठवण झाली की राग येतो. निदान चुकले म्हणून नव्हे, माणसाचे चुकते. पण ज्या बाईने त्या मुलीला अंगावर पाजले, जिने रोज तिच्या डोळ्यांत पाहिले, तिला एक प्रश्न सोडून दुसरा प्रश्न विचारावा असे त्या शिकलेल्या माणसाला वाटले नाही. ती सांगत होती ते ऐकले असते तर पुढचे अर्धे दुःख वाचले असते.

घरात

मूल अधू आहे अशी कुणकुण लागताच ते कोणामुळे अधू, याचा शोध सुरू झाला. आमच्या आळीत त्याला वेळ लागत नाही. वडिलांची बहीण, माझी आत्या, धसईहून मुद्दाम आली आणि ओटीवर बसून सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाली, "पोटुशी असताना गिरान पाळलं नसंल. भाजी चिरली असंल."

सगुणा चुलीपुढून म्हणाली, "मी ग्रहणात पान्यालासुदिक हात लावला नाय."

"मंग माहेरच्यांनी काय खायाला घातलं?"

"तुमी घालता तेच. भात."

आत्या चिडली. "बघा, कशी उलटून बोलते! पोर नाय बोलत तर आयच बोलते दोघींचं."

कोणीतरी हसले. मी ओटीवर होतो. मला बोलायचे होते, पण आत्येपुढे आमच्याकडे कोणी बोलत नाही. वडील मात्र उठले. ते फार कमी बोलतात. बैलांना वैरण टाकायला जाताजाता म्हणाले, "दामू, मुंबईला मोठा दवाखाना असंल ना? घेऊन जा पोरीला. मी हाय हितं."

त्यांनी एवढे म्हटले नसते तर मी काय केले असते, ते मला सांगता येत नाही.

मुंबई

बोर्डिंगातल्या एका मित्राच्या बहिणीचे बाळंतपण मुंबईत बायका-मुलांच्या एका इस्पितळात झाले होते. त्याने तिथल्या बाई डॉक्टरांना भेटायला सांगितले. मुरबाडहून कल्याणला जाणारी मोटार, लढाईमुळे पेट्रोल मिळत नसल्याने, कोळशाच्या धुरावर चालत होती आणि चढ आला की उतारूंना उतरून ढकलावी लागे. सगुणा मुलीला छातीशी धरून मोटारीमागून चालत होती. यमी त्या सगळ्या धुरात आणि धक्क्यांत झोपलेली होती.

बाई डॉक्टर वयस्क होत्या. आवाज घोगरा, बोलणे तुटक. त्यांनी यमीची पापणी वर करून बत्तीचा उजेड टाकला आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मग स्टूल ओढून सगुणेसमोर बसल्या.

"काही औषध देतेस?"

"नाय."

"बरं. दिवस उजाडल्यापासून हिच्या पोटात काय काय जातं, ते सगळं सांग. एकही गोष्ट वगळू नकोस."

सगुणा बोटांवर मोजत सांगू लागली. "उठली का अंगावर पाजते. मंग तेल लावते. पानी घालते. काजळ. मंग गोळी. मंग झोळीत घालते."

"गोळी कसली?"

"आपली बाळगोळी."

"मग औषध देत नाही म्हणालीस ते?"

सगुणा गोंधळून माझ्याकडे पाहू लागली. "औषध कुटं, बाई? बाळगोळी ती. समदेच देतात."

ती खोटे बोलत नव्हती. ती पुडी मीही घरी पाहिली होती. कोनाड्यात तेलाच्या बुधलीशेजारी, काजळाच्या डबीजवळ ठेवलेली. माझ्याही मनात ते आले नाही. औषध म्हणजे आजारी पडल्यावर बाहेरून आणायची, कडू लागणारी, पैसे मोजून घ्यायची वस्तू. बाळगोळी म्हणजे तेल-काजळासारखी घरातली रीत. लावणीच्या दिवसांत बायका पहाटे शेतावर जातात, मूल बांधावर झोळीत राहते. ते दिवसभर झोपावे म्हणून आईच्या दुधात गोळी विरघळवून बोटाने चाटवतात. आमच्या आईने यमीला ती आषाढात सुरू केली. आधी ज्वारीच्या दाण्याएवढी. लावणी संपल्यावर बंद करायला गेले तर मूल किरकिर करू लागले, म्हणून चालू ठेवली. मग तेवढी पुरेना, म्हणून वाढवली.

बाई डॉक्टर म्हणाल्या, "अफू असते तिच्यात."

सगुणेला ते पटेना. "अफू तर म्हातारे खातात!"

"हो. आणि तू पोरीला देत होतीस."

सगुणेचा चेहरा असा झाला की बाई डॉक्टरांनी लगेच तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुला कोणी सांगितलं नव्हतं. आता ऐक. घरी नेऊन एकदम बंद केलीत तर हिचा जीव जाईल. इथे ठेवावी लागेल. थेंब थेंब कमी करत आणावी लागेल."

मी धीर करून विचारले, "मग ती बरी होईल? आधीच्या डॉक्टरांनी बुद्धीच नाही म्हणून सांगितलं आहे."

"मूल मुळातच अधू आहे की आपण त्याला झोपवून ठेवलंय, हे गोळी सुटल्याशिवाय कळणार नाही. मी तुम्हाला आज काहीच वचन देत नाही."

वॉर्डातले दिवस

वॉर्डात बापांना सकाळी व संध्याकाळी थोडा वेळच सोडत. बाकी वेळ मी बाहेरच्या व्हरांड्यात बसे. लढाईत बाँबने फुटून उडू नयेत म्हणून खिडक्यांच्या काचांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, त्यांतून आतले काही दिसत नसे. ऐकू मात्र सगळे येई.

पहिले काही दिवस काहीच ऐकू आले नाही. मग यमी रडू लागली.

मला वाटले होते की ती रडली म्हणजे आनंद होईल. तसे झाले नाही. ते रडणे मुलाचे वाटतच नव्हते. तिला घाम फुटे, अंग थरथरे, पोटातले दूध नाकातोंडातून बाहेर येई, लागोपाठ शिंका येत. सगुणा सिस्टरच्या मागे मागे फिरे. "द्या वो तिला थोडीशी गोळी. माझ्याच्यानं बघवत नाय. मंग नका देऊ, आजच्याला द्या." सिस्टर नाही म्हणे. शेजारच्या खाटेवरची बाई वैतागून ओरडे, "आमच्या पोरांनी झोपायचं की नाही?" तिचेही बरोबर होते.

एकदा सगुणा व्हरांड्यात येऊन माझ्यावरच तुटून पडली. "तुमी शिकलेले ना? पुस्तकं वाचता ना? मंग तुमाला कसं ठावं नाय त्या गोळीत काय हाय?"

आमच्या पुस्तकांत परदेशातल्या राजांच्या लढाया होत्या. आमच्या घरच्या कोनाड्यात काय आहे, ते कोणत्याही यत्तेच्या पुस्तकात नव्हते. याचाही मला राग आहे. त्या वेळी मात्र मी मान खाली घालून उभा राहिलो, आणि ती माझ्याच धोतराच्या सोग्याने डोळे पुसून परत आत गेली.

दया करणारी माणसेही तिथे होती, त्यांचे लिहिले नाही तर कृतघ्नपणा होईल. वॉर्डातली आया रत्नागिरीकडची होती. सगुणेला बसल्याजागी पेंग आली की ती यमीला खांद्यावर टाकून फेऱ्या मारी आणि म्हणे, "रड गे बाये, रड. तुझ्या आजाच्या घरचा मांडव नाय हा, कोणाला लाजतंस?" ओरडणाऱ्या शेजारणीने चार दिवसांनी आपल्या डब्यातली पेज सगुणेपुढे सरकवली. "खा. तू जेवली नाहीस तर तिला काय पाजशील?" म्हणाली. त्यानंतर ती ओरडली नाही.

मग एका सकाळी आत काहीतरी धातूचे मोठे भांडे फरशीवर पडले. त्यापाठोपाठ यमीचे रडणे. पण हे वेगळे होते. साध्या, घाबरलेल्या मुलाचे रडणे. आणि त्याच्यावरून सगुणेची हाक, "दचकली! अवो, दचकली!"

परवानगी न विचारता मी आत धावलो. सगुणा खाटेवर बसून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते. सिस्टर मला बाहेर काढायला आली होती, पण तीही तिथेच उभी राहिली. सगुणा एकेकीला सांगत सुटली, "आवाज झाला नि माझी पोरगी दचकली." सगळा वॉर्ड हसला. ज्या आयाच्या हातून भांडे पडले होते तिला रागे भरायचे कोणाला सुचले नाही.

पुढे एका दुपारी यमीने सगुणेच्या मंगळसूत्रावर नजर लावली. मणी डावीकडे गेले की डोळे डावीकडे. मग वर पाहून ती हसली. सगुणा मला एवढेच म्हणाली, "मी सांगत व्हते."

आई

इस्पितळात असताना तांदूळ व कपडे आणायला मी एकदा घरी गेलो. मनात सबंध रस्ताभर आईशी भांडत होतो. घरी पोचताच म्हणालो, "आये, ती गोळी विष होती. अफू असते तिच्यात. त्यानेच यमीचं असं झालं."

आई जात्यापाशी होती. तिने जाते थांबवले नाही. "विष? तुलाबी तीच दिली. तू येडा झालास काय? कालेजात गेलास."

मी जात्यासमोर बसलो.

"आनि नाय द्यायची तर काय करायचं?" ती तावातावाने बोलू लागली. "आपन शेठची कुळं. त्याच्या शेतावर पयली लावनी करून दिल्याबिगर आपल्या शेतात पाय ठिवाय मिळतो का? वळीतनं एक बाय उठली तर त्याचा कारभारी समद्यांचा उद्धार करतो. पोर रडलं तर कोन घेनार? तू? तू तर मुंबईला! मी वैरीण हाय का माझ्या नातीची?"

"तू वैरीण नाहीस. पण थोरला..."

मी तिथेच थांबलो. म्हणायचे नव्हते, पण तोंडातून निघून गेले. जाते थांबले. आईने खुंटा तसाच धरून ठेवला होता. थोरला झोपेतच गेला, कधी रडला नाही, हे तीच आम्हाला सांगत आली होती. आता ते शब्द तिलाच ऐकू येत असावेत.

तिने विचारले, "त्याला पन?"

"मला माहीत नाही, आये." खरोखरच माहीत नाही. कोणालाच कधी कळणार नाही.

ती उठली. कोनाड्यातली पुडी घेऊन परसात गेली आणि खड्डा करून पुरून आली. चुलीत टाकली नाही. धूर कोणाच्या नाकात जाईल म्हणून, असे तिने नंतर सगुणेला सांगितले.

धसईचा बाजार

दुसऱ्या दिवशी धसईचा बाजार होता. जिथे ती पुडी मिळते त्या पालापाशी मी गेलो. सुया, दोरे, कुंकू, फण्या आणि त्यांतच बाळगोळ्या. पुडीवर गुटगुटीत बाळाचे चित्र होते. गालावर खळी, मनगटावर वळ्या. ते चित्र मी हातात घेतले आणि माझ्या मुलीची मनगटे आठवली.

दुकानदार ओळखीचा. "घे, दामू. कन्या झाली म्हणे?"

"यात काय असतं?"

"जायफळ, केशर, मुरडशेंग..."

"आणि अफू?"

त्याने इकडेतिकडे पाहिले. "हळू बोल की. असेल वासापुरती."

"माझी मुलगी इस्पितळात आहे."

"देवाची करणी, दुसरं काय? अरे, तुझी आई माझ्या बापाकडून न्यायची. सगळा मुलूख देतो. सगळी पोरं मेली का?"

"किती मेली, ते कोणी मोजलं आहे?"

भोवती बायका जमल्या होत्या. तो त्यांच्याकडे वळून हसला. "बघा, चार बुकं शिकला नि आयांना शिकवाया आला! याला सांगा, लावनीला तू येऊन पाळणे हालव." बायका हसल्या. एकीने माझ्यादेखत पुडी घेतली आणि कनवटीला लावली. मी तिला काहीतरी सांगण्याचा प्रयत्न केला. माझा आवाज लहान आहे, आणि रागाने तर तो फुटतच नाही. ती निघून गेली.

पुडीवरचे ते बाळ कोणी काढले असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. कुठेतरी टेबलाशी बसून, चांगल्या शाईने, एका माणसाने ती खळी काढली असेल.

परत

यमीला घेऊन आम्ही थंडीत घरी आलो. ती आता रडते, भूक लागली की रडते, ओले झाले की रडते, कोणी पेन काढून घेतले तरी रडते. आळीतल्या बायका सगुणेला म्हणतात, "काय गो किरकिरी पोर! आदी बरी व्हती." सगुणा त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाते.

सगळे ठीक झाले असे मात्र लिहिणार नाही. ती बसायला उशिरा शिकली. दीड वर्षाची होत आली तरी धरूनच उभी राहते. चंद्राचा गणू धावतो आणि नावे घेऊन हाका मारतो. यमी दोन शब्द बोलते. बाई डॉक्टर म्हणाल्या, भरून निघेल, बहुतेक निघेल. त्या 'बहुतेक'वर आम्ही दोघे रोज जगतो.

ज्यांच्या घरी तान्हे मूल आहे त्यांना हात जोडून सांगतो. मूल फार शांत असेल, सारखे पेंगत असेल, आवाजाने दचकत नसेल, तर त्याचे कौतुक करू नका. कोनाडे बघा. गोळी देत असाल तर एका दिवसात घरीच तोडू नका, त्यात मूल दगावते. डॉक्टरांकडे न्या, आणि त्यांनी विचारले नाही तरी गोळीचे सांगा. आणि त्या मुलाची आई म्हणत असेल की ते आधी असे नव्हते, तर कृपा करून ऐका.

बांध

यंदा लावणीला कॉलेजातून रजा काढून घरी गेलो. मुलीला मीच सांभाळीन, असे ठरवून गेलो होतो. आई म्हणाली, "तू लावनी कर. पोर मी बगते." ती यंदा वळीत, म्हणजे लावणीच्या रांगेत, उतरली नाही. शेठच्या शेताच्या बांधावर इरले पाठीवर घेऊन, यमीला मांडीत धरून बसली.

बाभळीला चार झोळ्या टांगल्या होत्या. चारही शांत. चिखलात बायकांची वळ मागे सरकत होती, मी कडेला आवणाच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जुड्या टाकत होतो, आणि त्या सबंध शेतात एकच आवाज होता, यमीचा. तिला आई हवी होती आणि आई समोर दिसत होती.

कारभारी छत्री घेऊन पलीकडच्या बांधावर उभा होता. तो ओरडला, "ए म्हातारे! गप कर त्या पोरीला! बायकांचं ध्यान जातंय!"

आईने यमीच्या पाठीवरचा हात काढला नाही. मोठ्याने म्हणाली, "रडू दे. जित्ती हाय ती."

कारभारी आणखी काहीतरी बोलला. सगुणेने हातातली जुडी चिखलात रोवली, कंबर सरळ केली आणि वळीतून बाहेर निघाली. हात धुऊन बांधावर बसली आणि यमीला पदराखाली घेतले. कारभाऱ्याने तिचे नाव घेऊन शिवी दिली. तिने वर पाहिले नाही.

रडणे थांबले तसे शेत एकदम शांत झाले. तेव्हा चंद्राची बायको उभी राहिली. आता तिला गणूच्या पाठचे तान्हे आहे. ती क्षणभर बाभळीकडे पाहत राहिली. मग चिखलातून पाय उपसत झोळीपाशी गेली आणि आत हात घालून मुलाला हलवले. ते उठले नाही. तिने पुन्हा हलवले, मग दोन्ही हातांनी उचलून खांद्यावर घेतले आणि पाठीवर थापट्या मारू लागली. वळीतल्या सगळ्या बायका कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या होत्या. कारभारी ओरडत होता, पण तिकडे कोणी पाहत नव्हते.

शेवटी ते रडले.